"मॅडम, डिक्टेट करा ना"

दरवर्षी एफवायच्या पहिल्या आठवड्यात हे वाक्य ऐकायला मिळतंच. मी उतारा वाचते, दोन प्रश्न विचारते, सगळे बाकाकडे बघायला लागतात आणि मग मागून कुणीतरी म्हणतं, "मॅडम, डिक्टेट करा ना." एकदा का डिक्टेशन सुरू केलं की साठ पोरं माना खाली घालून लिहितात, फक्त पंख्याची घरघर, प्राचार्य सर बाहेरून चक्कर मारतात आणि खूश होऊन जातात. काय तो क्लास कंट्रोल! इंग्रजी गेलं तेल लावत.

तालुक्याच्या कॉलेजात कम्पल्सरी इंग्लिश शिकवते मी, आता नव्या शैक्षणिक धोरणात त्याचं नाव एईसी, म्हणजे अ‍ॅबिलिटी एन्हान्समेंट कोर्स, झालंय, दोन क्रेडिटचं. मध्यंतरी एका ट्रेनिंगला जाऊन आले, विषय लर्नर ऑटोनॉमी, म्हणजे पोरांनी आपलं शिकणं आपल्या हातात घेणं. तिथे चार तास पीपीटी दाखवून आम्हाला सांगितलं की लेक्चर देऊ नका, आणि प्रश्न शेवटी विचारा म्हणाले. असो. पण मी आले ती भारलेली आले, दुसऱ्याच दिवशी वर्गात जाहीर केलं, गट करा, विषय तुम्ही निवडा, बोला, मी मध्ये येणार नाही!

सहा गट झाले. पाच गटांनी निवडलं 'माय फेव्हरिट फेस्टिव्हल'. पाचही ठिकाणी दिवाळी. सहाव्या गटाचं विषयावर एकमतच झालं नाही, त्या पोरी शेवटी साडी डेचं प्लॅनिंग करत बसल्या. त्यात सगळं मराठीत चाललेलं म्हणून मी चिडून नियम काढला, मराठी शब्द आला की एक रुपया दंड. पहिल्या दिवशी अकरा रुपये जमले. दुसऱ्या दिवसापासून कुणी तोंडच उघडलं नाही. म्हणजे एका आठवड्यात मी फॅसिलिटेटर पण होऊन बघितलं आणि हेडमास्तरीण पण.

तेव्हा पोरांचा राग आला होता, आता नाही येत. आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. म्हणजे हे पोरगं माझ्यासमोर येतं तेव्हा बारा वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं, आणि त्या बारा वर्षांत तुला कशावर लिहायचंय रे, असं त्याला कुणी विचारलेलं नसतं. त्याने दिवाळी नाही निवडायची तर काय निवडायचं, तेवढा एकच निबंध पाठ आहे त्याचा. ऑटोनॉमी हा शब्द भाषाशिक्षणात ज्याच्या नावाने सांगतात त्या आन्री होलेकने १९८१ मध्येच लिहून ठेवलंय की आपलं शिकणं आपल्या हातात घेणं ही क्षमता जन्मजात नसते, ती कमवावी लागते. आमच्या पीपीटीत होलेकची व्याख्या होती, हे वाक्य नव्हतं. आणि डिक्टेशन मागणारं पोरगं आळशी असतं असंही नाही. पेपरात तेच ते प्रश्न फिरून येतात हे त्याला माझ्याइतकंच माहितीय, घरची कामं उरकून अभ्यास करणाऱ्याला गाईड हाच आधार असतो, त्याला मी कुठल्या तोंडाने स्वातंत्र्याचे फायदे सांगू?

मग एसटीचं प्रकरण झालं. संध्याकाळची गाडी आमच्या फाट्यावर आधीच गच्च भरून येते, थांबत नाही, त्यामुळे शेवटच्या तासाला निम्मा वर्ग रिकामा. मी म्हटलं, अर्ज लिहू. लगेच एकजण, "मॅडम, डेपोवाल्यांना इंग्लिशमधे कशाला?" बरोबरच होतं त्याचं. म्हणून ठरलं की मराठी अर्ज खरोखर द्यायचा आणि तोच वर्गात इंग्रजीत लिहायचा. यावेळी मोकळं सोडलं नाही. वीस मिनिटं, पाच वाक्यं, गटातल्या प्रत्येकाने एक वाक्य उभं राहून वाचायचं, हे माझं. काय लिहायचं, कुणावर ढकलायचं, आपसात कुठल्या भाषेत भांडायचं, ते त्यांचं.

"हात दाखवूनही थांबत नाही" इथे गाडी अडली. एकीने लिहिलं, 'आफ्टर शोइंग हँड ऑल्सो नॉट स्टॉपिंग'. दुसरी म्हणते 'बस'च नाही वाक्यात, कोण थांबत नाही ते कसं कळणार? दहा मिनिटं यावर! मी खडू हातात धरून गप्प उभी, आणि खरं सांगते, गप्प उभं राहणं हे लेक्चर देण्यापेक्षा दमवणारं काम आहे. शेवटी त्यांनीच विचारलं, मॅडम सांगा ना आता. तेव्हा फळ्यावर लिहिलं, 'इव्हन व्हेन वी वेव्ह'. न सांगता सगळ्यांनी उतरवून घेतलं. डिक्टेशनच म्हणा हवं तर, पण मागून घेतलेलं.

आपल्याच देशात इंग्रजी-शिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ दक्षिणेतल्या शाळांमध्ये असलाच उद्योग केला होता, बंगलोर प्रोजेक्ट म्हणतात त्याला. व्याकरण शिकवायचं नाही, रेल्वेचं टाइमटेबल, नकाशे असलं काहीतरी समोर ठेवून पोरांना डोकं चालवायला लावायचं. पण सूत्रं शिक्षकाकडेच असायची आणि गटकामावर प्रभूंचा फारसा भरवसा नव्हता, पोरं एकमेकांच्या चुका उचलतात म्हणून. मला हे पटायचं नाही. पुढच्या टेस्टमध्ये चौदा पेपरांत 'शोइंग हँड' आलं, तेव्हा पटलं, निम्मं तरी. आता गटकाम झालं की शेवटची दहा मिनिटं मी सरळ माझी घेते, फळा, खडू, चुका, जुन्या बाईंसारखी.

स्टाफरूममध्ये अर्थातच, "पोर्शनचं काय, मॅडम?" मागे आहे माझा पोर्शन, तीन युनिट मागे आहे. प्राचार्य सरांनी पण बोलावून विचारलं की तुमच्याच वर्गातून एवढा आवाज का येतो. म्हटलं सर, तोंडी विषय आहे. हसले नाहीत.

गाडी अजून थांबत नाही ती नाहीच. परवा पोरंच म्हणाली, रिमाइंडर देऊ. सिलॅबसमध्ये रिमाइंडर नाहीये. सोमवारी डेपोत मराठी कागद जाणार, इंग्रजीवाल्यात 'काइंडली' ठेवायचं की काढायचं यावर दोन गटांचं अजून वाजतंय.