‘दोन ओळींचा पॅच, की झालं’ म्हणणाऱ्यांसाठी

“लिनक्सचा कर्नल हजारो जण वाचतात, त्यामुळे मेमरीचा बग त्यात टिकत नाही. सापडलाच तर दोन ओळींचा पॅच, की झालं. आणि आता रस्ट आल्यावर विषयच संपला.” हा मजकूर पुन्हा फिरतोय. (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पॅच म्हणजे कोडमधली दुरुस्ती आणि रस्ट म्हणजे मेमरीच्या बऱ्याच चुका आधीच पकडणारी प्रोग्रॅमिंगची भाषा.) २०१६ मध्ये उघड झालेला कर्नलमधला ‘डर्टी काऊ’ हा बग या तिन्ही वाक्यांना पुरून उरतो.

टिकत नाही? हे भोक २००७ च्या कर्नल आवृत्ती २.६.२२ पासून हल्ल्याला उघडं होतं. नऊ वर्षं. कळलं कसं, तर फिल ओस्टर हे लिनक्स डेव्हलपर सर्व्हरवर येणारं एचटीटीपी, म्हणजे वेबचं ट्रॅफिक साठवून ठेवत होते, त्यात हल्ल्याचा प्रोग्रॅम सापडला. म्हणजे हा कोड आपल्याआधी चोराने नीट वाचला होता!

आता ‘दोन ओळी’. एखादी फाइल फक्त वाचण्यासाठी मेमरीत खासगीरीत्या मॅप केली आणि तिच्या पानावर (मेमरीच्या तुकड्यावर) प्रोसेसच्या ‘मेम’ फाइलमधून, म्हणजे त्या चालू प्रोग्रॅमची मेमरी दाखवणाऱ्या फाइलमधून लिहायला गेलं, की कर्नल आधी त्या पानाची वेगळी प्रत काढतो. हेच कॉपी-ऑन-राइट, थोडक्यात ‘काऊ’. मग ‘लिहायचंय’ हा फ्लॅग (कोडमधली खूण) उतरवून पान पुन्हा शोधायचा. प्रत झालीच आहे, आता परवानगी कशाला तपासायची, असा हिशेब. पण या दोन पावलांच्या मध्येच त्याच प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या दुसऱ्या थ्रेडने ‘एमअ‍ॅडव्हाइज’ करून, म्हणजे ‘हे पान आता नको’ असं कर्नलला सांगून ती प्रत टाकून दिली तर? शोधताना मूळ पान हाती लागतं, फ्लॅग उतरलेला असतो, आणि साधा युजर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या फाइलवर लिहून मोकळा होतो.

लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने फ्लॅग उतरवणंच बंद केलं. ‘प्रत काढली’ असा वेगळा फ्लॅग आणला आणि पान डर्टी आहे का, म्हणजे त्यावर लिहिलं गेलंय का, हेही तपासायला लावलं. ओळी जेमतेम डझनभर. पण त्याच्याच नोंदीनुसार हीच रेस (दोन कामांची वेळ नेमकी जुळली की होणारी चूक) त्याने अकरा वर्षं आधी बुजवली होती, तीही वाईट रीतीने, आणि एस३९० या आयबीएमच्या मेनफ्रेम मशीनवर अडचण आल्याने ते काम मागे घ्यावं लागलं. तिथल्या डर्टी बिटची (पानावर लिहिलं गेल्याच्या खुणेची) सोय कर्नल ३.९ मध्ये झाली. दरम्यान मेमरीचा कोड जास्त समांतर चालू लागला आणि कागदावरची रेस प्रत्यक्षात जिंकता येऊ लागली. एवढं करूनही नोव्हेंबर २०१७ मध्ये ह्यूज पेजेसची (नेहमीपेक्षा खूप मोठ्या पानांची) फट निघाली: तिथे नुसत्या वाचण्यानेही पानाची नोंद डर्टी होत होती, त्यामुळे नवी तपासणी फसायची.

रस्टचं थोडक्यात. फ्री केलेली मेमरी पुन्हा वापरण्यासारख्या चुकांवर त्याचा उपयोग आहेच. इथे मात्र प्रत्येक वेळी पान शोधताना लॉक (एका वेळी एकालाच हात लावू देणारं कुलूप) घेतलेलं होतं. चुकलं ते दोन लॉकच्या मधलं गृहीतक, आणि ते कोड तपासणाऱ्या रस्टच्या कंपायलरला दिसत नाही.

आणि त्या ‘की झालं’चं राहिलंच. अँड्रॉइडही लिनक्स कर्नलवरच चालतो. ड्रॉवरमधला जुना अँड्रॉइड फोन काढा, सेटिंगमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख बघा. २०१५ ची असेल, तर त्या फोनमध्ये अजून काहीच झालेलं नाही.