आधी पगार की आधी मान?

कालच्या बातमीवरून कट्ट्यावर ‘माणसाला आधी पगार हवा की आधी मान’ हा वाद पेटणार हे ठरलेलेच होते. वसंतरावांनी तर्जनी उंचावून ‘मुळात प्रश्न आर्थिक आहे’ या आपल्या सनातन वाक्याने सुरुवात केली. घटस्फोटापासून क्रिकेटपर्यंत कोणताही विषय निघाला तरी त्यांचा प्रश्न मुळात आर्थिकच असतो. भाषा, वर्ण, लिंग यांवरून उठणाऱ्या अस्मिता ही कामगारांत फूट पाडण्यासाठी सोडलेली पिल्ले असून संपत्तीचे न्याय्य वाटप झाले की ती आपोआप नाहीशी होतील, असे त्यांनी बजावले.

“आणि तोपर्यंत ज्याचा अपमान होतो आहे, त्याने रांगेत उभे राहावे?” सुलभाताईंनी विचारले.

दिनकरने संस्कृतीची बाजू उचलून धरली. माणसाला सन्मान मिळाला तर तो कमी पगारातही आनंदाने राबतो, असे त्याचे मत पडले. स्वतःच्या पगाराबाबत त्याने हे मत कधी मांडल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. सुलभाताईंनी त्याला ब्रिटनची आठवण करून दिली: २०२० मध्ये तिथे दर गुरुवारी आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजल्या आणि मार्च २०२१ मध्ये सरकारने इंग्लंडमधल्या परिचारिकांना एक टक्का वेतनवाढ देऊ केली. “टाळ्या फुकट असतात, दिनकर, म्हणून त्या सढळ हाताने वाजतात.”

वसंतराव खुलले, पण त्यांची पाळी पुढेच होती. सुलभाताईंनी आता अमेरिकेतले उदाहरण काढले. १९६८ मध्ये मेम्फिस शहरात पाऊस आला की गटारांवर काम करणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांना जेमतेम दोन तासांची मजुरी देऊन घरी पाठवले जाई, गोऱ्यांना मात्र पूर्ण दिवसाचा पगार मिळे. त्याच वर्षी फेब्रुवारीत पावसापासून आडोसा घेतलेले दोन सफाई कामगार कचरागाडीच्या यंत्रात चिरडून मेले. सुमारे १,३०० कामगार संपावर गेले, आणि त्यांच्या गळ्यातल्या फलकांवर पगाराचा आकडा नव्हता. ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिले होते.

“आता सांगा वसंतराव, पावसात बुडालेली ती मजुरी आर्थिक होती की सांस्कृतिक?”

“पण संप मिटला तो पगारवाढीनेच!”

“आणि संघटनेला मान्यता मिळाल्यावर. निम्मा करार वाचायची तुमची सवय जुनीच आहे.”

खरे तर वसंतरावांच्या भूमिकेत तथ्य आहे. एखादी कंपनी संचालक मंडळात दोन-चार वेगळे चेहरे बसवून पुरोगामी म्हणवून घेते आणि त्याच इमारतीतल्या झाडूवाल्यांना कंत्राटदाराच्या हवाली करते, तेव्हा अस्मितेचा उत्सव म्हणजे निव्वळ रंगरंगोटी ठरते. पण एवढ्यावर थांबतील तर ते वसंतराव कसले? त्यांनी स्त्रियांच्या घरकामालाही ‘दुय्यम अंतर्विरोध’, म्हणजे वर्गलढ्यानंतर पाहू असा किरकोळ प्रश्न, ठरवले, आणि सुलभाताईंनी जुने प्रकरण उकरून काढले. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेची सगळी मुद्रिते सुलभाताईंनी तपासली होती. संपादक म्हणून नाव छापले गेले वसंतरावांचे, आणि मानधनही त्यांनीच घेतले.

“त्या मानधनाचे न्याय्य वाटप कधी होणार?”

वसंतरावांनी तर्जनी वर केली आणि हा प्रश्न मात्र केवळ आर्थिक दृष्टीने पाहता येणार नाही, त्यामागच्या भावना समजून घ्याव्या लागतील, असे पूर्ण गांभीर्याने सांगितले. दिनकर हसता हसता कट्ट्यावरून घसरला. मूळ बातमी काय होती, हे त्यानंतर कोणी विचारलेच नाही.