कारवार जिल्हा घाटावरही आहे

कारवार जिल्ह्यावरच्या तुमच्या लेखात उत्तर कन्नड, म्हणजे आपला कारवार जिल्हा, बंदर, मासेमारी आणि किनारा एवढ्यातच आटोपला, याचं वाईट वाटलं. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्याला लागून असलेला जोयडा तालुकाही त्याच जिल्ह्यात येतो. तिथे समुद्र नाही. काळी नदी, दाट जंगल आणि विखुरलेल्या वाड्या आहेत. जुनं सुपा गाव धरणात बुडालं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं. याच तालुक्यातल्या रामनगरकडच्या माणसाला बाजाराला, दवाखान्याला बेळगाव सोयीचं. पण कारवारला जिल्हाधिकारी कचेरीत काम निघालं की उतारे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून अणशी घाट उतरायचा. पावसाळ्यात दरड कोसळली की तोही रस्ता बंद.

1862 मध्ये हा भाग मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, तो मुख्यतः धारवाडकडच्या कापसाला कारवार बंदर हवं म्हणून. 1956 ला म्हैसूर राज्यात गेला. घाटावरच्या लोकांची सोय दोन्ही वेळा कुणी बघितली असं मला वाटत नाही.

आजही खानापूर आणि कित्तूर विधानसभा मतदारसंघ उत्तर कन्नड लोकसभेत आहेत. आमचे जिल्हाधिकारी बेळगावात, खासदार मात्र थेट भटकळपर्यंतचे! उलट कारवारचा महसूल विभाग बेळगावचा. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर रामनगरला ठरलेल्या दिवशी जिल्हा कचेरीचा अधिकारी बसवायला काय हरकत आहे? लेखकांनी पुढचा लेख जोयड्यात फिरून लिहावा, ही कळकळीची विनंती.