भरतीच्या वेळी ठणठणीत, मग आजार आला कुठून?

भरतीच्या वैद्यकीय तपासणीत ठणठणीत ठरलेल्या जवानाला पुढे सेवेत असताना स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र नैराश्य जडले, की वैद्यकीय मंडळ ‘आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि बळावलेलाही नाही’ असा ठरावीक शेरा मारून मोकळे होते आणि अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले जाते. भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे जडला असे गृहीत धरावे, अन्यथा मंडळाने कारणे लेखी द्यावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्येच सांगितले आहे. तरीही माजी सैनिकाने सशस्त्र दल न्यायाधिकरणाची पायरी चढायची, आणि तिथे तो जिंकला तरी सरकारने पुन्हा वर दाद मागायची! ज्याला गोळीशिवाय झोप लागत नाही, त्याच्या बायकोने अहवालांच्या झेरॉक्स पिशवीत घालून साताऱ्याहून मुंबईला किती खेटे घालायचे?