न केलेल्या सहीबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय वाचक बंधू, सलाम.

तपासणी अहवालावर सही करायला मी नकार दिला, त्याबद्दलच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. आपणही नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे आपले शब्द मला वरवरचे वाटले नाहीत. आपले म्हणणे थोडक्यात असे : खोट्या अहवालावर सही न करणे हा साधा प्रामाणिकपणा आहे, तो नास्तिकही पाळतो, तेव्हा त्यात देवाला आणण्याचे कारण नाही, प्रार्थना दार लावून करावी असे प्रभूने सांगितलेले असताना आपली निष्ठा चारचौघांत सांगणे हा दिखावा आहे, आणि माझ्या सदसद्विवेकाची किंमत माझ्याबरोबरच्या अकरा जणांनी मोजली. या शेवटच्या मुद्द्याने माझी झोप उडवली, म्हणून त्याकडे सावकाश येतो.

मूळ प्रसंग ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी, माल न्यायला गाडी दारात उभी असताना, 25 मिलिमीटर बोअरच्या, म्हणजे आतल्या छिद्राच्या, बुशांचा (धातूच्या नळीसारख्या भागांचा) लॉट तपासणीसाठी माझ्या टेबलावर आला. छिद्राचे माप तपासायच्या प्लग गेजची ‘गो’ बाजू बोअरमध्ये सहज जायला हवी आणि ‘नो-गो’ बाजू तोंडाशीच अडायला हवी. मी वीस नग घेतले; सतरा ठीक निघाले, पण तिघांमध्ये ‘नो-गो’ बाजू बोटाच्या हलक्या दाबाने आत उतरली. बोअर एकदा मोठे झाले की कापलेला धातू परत भरता येत नाही. ‘वीस मायक्रॉनचा तर प्रश्न आहे, सही करून टाका,’ असे मला सांगण्यात आले (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि मी ती केली नाही. सगळा लॉट त्या अकरा जणांना शनिवारी, म्हणजे आमच्या कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, एकेक नग तपासून निवडावा लागला, आणि पुढे कित्येक दिवस चहाच्या वेळी माझ्या बाकावर कोणी बसले नाही.

नास्तिक माणूस प्रामाणिक असतो, हे मला मान्यच आहे. तशी माणसे मी जवळून पाहिली आहेत आणि त्यांच्याकडून शिकलोही आहे. मात्र माझ्यापुरते बोलायचे तर कारखान्यातला मी आणि उपासनेतला मी असे दोन हिशेब मला ठेवता येत नाहीत. बायबलमधील दानीएलच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, परक्या राजाच्या दरबारी अधिकारी असलेल्या दानीएलचे विरोधक प्रथम त्याच्या राज्यकारभारातच चूक शोधतात, तिथे काही हाती लागत नाही, आणि मगच ते त्याच्या प्रार्थनेकडे वळतात : तीस दिवस राजाखेरीज कोणाकडेही मागणे करू नये, नाहीतर सिंहांच्या गुहेत टाकू, असा हुकूम ते राजाकडून काढून घेतात. सिंहांच्या गुहेची गोष्ट आपण मुलांना आवडीने सांगतो, परंतु त्याच्या कामात दोष सापडला नाही हे त्याआधीचे वाक्य घाईने ओलांडतो.

मी नाशिकच्या ज्या शरणपूरमध्ये उपासनेला जातो, तिथे एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळेत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकत असत. जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक. 1 मे 1873 रोजी मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावले, तेव्हा त्यांच्या पेट्यांतील वस्तूंची यादी करण्याचे काम लिहिता-वाचता येणाऱ्या या तरुणाकडे आले. देखरेखीला कोणी अधिकारी नव्हता, आणि चार वस्तू कमी लिहिल्या असत्या तर पुढे कोणाला कळणेही अवघड होते. त्याने सोबत्यांच्या समोर यादी केली, आणि त्या सर्वांनी मिळून मृतदेह नऊ महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला; वाटेत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच दफन करा असे सुचवले, तरी त्यांनी ऐकले नाही. यादी लिहिणे हे कारकुनाचे काम आहे आणि माझे कामही त्याच जातीचे आहे, म्हणून तो मला जवळचा वाटतो.

दिखाव्याबद्दल आपण दिलेला इशारा मी नाकारत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील ती आज्ञा लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांविषयी आहे. दानीएलने राजाचा हुकूम निघाल्यावर मुद्दाम खिडकी उघडली नव्हती. ती आधीपासूनच यरुशलेमेच्या दिशेने उघडी असे आणि तो पूर्वीच्या क्रमाप्रमाणेच दिवसातून तीनदा गुडघे टेकत राहिला. त्या तीस दिवसांत खिडकी लावून घेणे ही नम्रता नव्हे, भीती ठरली असती. तरीही माझ्या लेखातील दोन-तीन वाक्यांत स्वतःची पाठ थोपटल्याचा सूर होता. ती मी काढून टाकली आहेत.

आता ते अकरा जण. इथे आपले बरोबर आहे आणि माझे चुकले. त्याच दानीएलच्या पहिल्या अध्यायात, राजाचे अन्न नको म्हटल्यावर, ‘तुमच्यामुळे माझे डोके जाईल,’ अशी भीती वरिष्ठ अधिकारी बोलून दाखवतो. दानीएल ती भीती झिडकारत नाही. तो कारभाऱ्याकडे दहा दिवसांची मुदत मागतो, शाकान्न आणि पाणी देऊन पाहा म्हणतो, आणि निर्णय त्याच्याच हाती ठेवतो. मी असे काहीच केले नाही. गुरुवारीच मोजमाप वरच्या मर्यादेकडे सरकताना मला दिसले होते, आणि तेव्हाच मशीनवरच्या माणसाला सांगितले असते तर ऑफसेट, म्हणजे मशीनमधली हत्याराची मापजुळणी, सुधारून सगळ्यांचा शनिवार वाचला असता. मी उद्या बघू म्हणून गप्प राहिलो आणि शुक्रवारी मात्र खंबीर झालो. रविवारची सकाळही मला मिळते ती एक सहकारी माझ्याशी पाळी बदलतो म्हणून. त्याचा उल्लेखही मी लेखात केला नव्हता.

पुन्हा तीच वेळ आली तर काय कराल, असे आपण विचारले आहे. सही करणार नाही. पण ‘नाही’ म्हणण्याआधी त्या अकरा जणांपाशी जाईन. त्यांच्यापैकी एकाच्या मुलीचा साखरपुडा त्या शनिवारी सिन्नरला होता आणि तो तिथे पोहोचला तेव्हा पंगती उठल्या होत्या. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर मी त्याच्या घरी गेलो आणि गुरुवारची गोष्ट त्याला सांगितली. त्याने चहा दिला, मुलीला बोलावून ओळख करून दिली, आणि मी निघताना दाराशी म्हणाला, ‘सही केली नाहीत त्याचा राग नाही साहेब, गुरुवारचा आहे, आणि तो जायला वेळ लागेल.’