खुलासा : अणुचाचणीबंदीवर भारताची सही?

‘पोखरणनंतर दबावाखाली भारताने चाचणीबंदी करारावर सही केली’ असा मजकूर फिरतो आहे. तो खोटा आहे. १९९६च्या सर्वंकष चाचणीबंदी करारावर (सीटीबीटी) भारताने आजवर सही केलेली नाही. मे १९९८मध्ये वाजपेयी सरकारने जाहीर केली ती पुढच्या अणुचाचण्यांवरची, स्वेच्छेने पाळायची स्थगिती. तिच्यामागे कराराचं बंधन नाही.

गोंधळ बहुधा १९६३च्या करारामुळे होत असावा. त्यावर भारताची सही आहे, पण तो हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात स्फोट करायला मनाई करतो. जमिनीखाली नाही! १९७४ आणि १९९८ या दोन्ही वेळचे पोखरणचे स्फोट भूमिगतच होते.

आणि सीटीबीटी तरी कुठे लागू झालाय? त्यासाठी ठरावीक ४४ देशांची मान्यता लागते. अमेरिकेने सही केली, पण १९९९मध्ये तिच्याच सिनेटने मान्यता नाकारली.