बाहेरच्या मॅचचं एचडी मुद्दाम खराब करत नाहीत
अमेरिकेतल्या बेसबॉलबद्दल एक मेसेज फिरतोय, की आपली टीम बाहेरगावी खेळायला गेली की यजमान टीमचं चॅनल पाहुण्यांना मुद्दाम खराब चित्र पाठवतं. अहो, असं नाहीये. मुख्य कॅमेरे यजमान चॅनलचे असतात, पाहुणं चॅनल तोच फीड, म्हणजे कॅमेऱ्यांचं थेट चित्र, घेऊन त्यावर आपली कॉमेंट्री आणि स्कोअरची पट्टी लावतं, 2020 मध्ये कोविडमुळे तर कॉमेंटेटरसुद्धा प्रवास न करता घरच्या गावातूनच बोलायचे.

फरक पडतो तो वाटेत. तिकडे एचडीचे दोन फॉरमॅट चालतात, ईएसपीएन आणि फॉक्स ही चॅनल्स 720पी, म्हणजे सेकंदाला साधारण 60 पूर्ण फ्रेम, आणि एनबीसी, सीबीएस 1080आय, म्हणजे रेषा जास्त पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत. यजमान एका फॉरमॅटचा आणि पाहुणा दुसऱ्याचा असला की कन्व्हर्जन आलंच, त्यात फीड कॉम्प्रेस होऊन, म्हणजे डेटा दाबून लहान करून, येतो, मग केबलवाला परत कॉम्प्रेस करतो, दर वेळी थोडं डिटेल जातं. उंच उडालेल्या बॉलमागे कॅमेरा झपकन फिरतो ना, तेव्हा नीट बघा, मागची गर्दी चौकोनी ठोकळ्यांची होते आणि गवताचा नुसता हिरवा लगदा, पण पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, स्थिर उभा असला की चित्र परत साफ.

2000 च्या दशकात बऱ्याच बाहेरच्या मॅच खरंच साध्या एसडीत, म्हणजे एचडीच्या आधीच्या कमी स्पष्ट चित्रात, यायच्या, एचडी ट्रक, म्हणजे मैदानावरून प्रक्षेपण करणाऱ्या गाड्या, कमी होते आणि महाग. तेव्हाची तक्रार अगदी बरोबर होती, आजच्या कॅमेरावाल्यांवर मात्र हा आरोप करू नका, प्लीज.